आई-बाबांसह अलास्काची क्रूझ: जहाज कसे निवडावे?

सॅनहोजेची सातारकर

नमस्कार. माझे आई-बाबा मे महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत आणि त्यांना अलास्काची क्रूझ घडवावी असे माझ्या आणि नवऱ्याच्या मनात आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने टाळतात. आईला बोट लागते. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा तिने सगळा वेळ डोळे मिटून काढला होता. दोघेही शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही.

सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या सात रात्रींच्या तीन जहाजांचे दर मी काढून ठेवले आहेत. पहिले अगदी नवे आणि प्रचंड आहे, दुसरे मध्यम आहे आणि तिसरे जुने, लहान व त्यामानाने स्वस्त आहे. यांपैकी कोणते घ्यावे? आतली बिनखिडकीची खोली पुरेल, की बाल्कनीसाठी पैसे मोजावेत? आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. आई-बाबा अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर असतील. आमच्या ट्रॅव्हल एजंटच्या म्हणण्यानुसार कागदपत्रांची काही अडचण नाही.

जुना मुसाफिर

मी आतापर्यंत अकरा क्रूझ केल्या आहेत, त्यांपैकी तीन अलास्काच्या, आणि त्यांतली एक माझ्या आईला घेऊन. त्या अनुभवावरून सांगतो की जहाज कोणते हा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी विचारायला हवा. जहाज म्हणजे अखेर चालते-फिरते हॉटेल. घसरगुंड्या आणि नाट्यगृह तुम्हाला कॅरिबियनलाही मिळतील. अलास्काला आपण जातो ते जहाजाच्या कठड्यापलीकडचे पाहायला, आणि ते किती व कसे दिसेल हे मार्गावर आणि प्रत्येक बंदरातल्या तासांवर ठरते.

मात्र त्याआधी कागदपत्रे, कारण एजंटने तुम्हाला अर्धवट सांगितले आहे. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरात प्रवासी घेऊन, मध्ये एकही परदेशी बंदर न गाठता, त्यांना पुन्हा अमेरिकेतच उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सगळी बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून निघणारे जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, क्वचित प्रिन्स रूपर्टला, थांबते. व्हिक्टोरियाचा थांबा बहुधा शेवटच्या संध्याकाळी काही तासांचाच असतो आणि त्यामुळेच तो कोणाच्या लक्षात येत नाही. तुम्हाला पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर कॅनडाचा व्हिसा लागत नाही; आई-बाबांना भारतीय पासपोर्टवर तो लागतो. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे उत्तर चालत नाही, कारण कागदपत्रे सिएटलला जहाजावर चढतानाच तपासतात. माझ्यासमोर एका वृद्ध दांपत्याला धक्क्यावरून परत पाठवले होते. मुलगा आणि सून आत जाऊ शकत होती, आई-वडील नाही. चौघेही बॅगा घेऊन टॅक्सीच्या रांगेत उभे राहिले. तेव्हा तिकिटाआधी व्हिसाचा अर्ज करा, आणि तोही आई-बाबा साताऱ्यात असतानाच.

आता एकदा कॅनडाचा व्हिसा काढायचाच आहे, तर सिएटलऐवजी व्हँकूव्हरहून का निघू नये? आईंना बोट लागते म्हणून मी हे विशेष आग्रहाने सांगतो. सिएटलची बहुतेक जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून जातात आणि तिथे दिवसभर लाटांचा मारा सहन करावा लागू शकतो. व्हँकूव्हरहून निघालेले जहाज बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून वर सरकते; दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर असतात आणि पाणी बरेचदा तलावासारखे शांत असते. मध्ये काही तासांचा उघडा पट्टा लागतो, तेवढाच. व्हँकूव्हरहून अलास्कातल्या व्हिटियर किंवा स्यूअर्ड बंदरापर्यंतच्या एकेरी सफरी सुंदर असल्या तरी अलास्काच्या आखातातून जातात, त्यामुळे आईंसाठी त्या मी सुचवणार नाही. व्हँकूव्हरहून जाऊन-येऊन कॅनडात दोनदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा बहुप्रवेशाचा असलेला बरा. अमेरिकेचे इमिग्रेशन व्हँकूव्हरच्या धक्क्यावरच, जहाजावर चढण्यापूर्वी, उरकते.

मार्गात ग्लेशियर बे असेल तर दोन पैसे जास्त द्या. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, म्हणून प्रत्येक सफरीत ते नसते. तिथे कोणीच खाली उतरत नाही. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन आपल्याच जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी याहून चांगला दिवस नाही. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबून सावकाश गिरकी घेते, त्यामुळे डावी बाजू की उजवी हा वाद तिथे उरत नाही. बर्फाचा कडा आधी अगदी निःशब्द कोसळताना दिसतो. पाण्यावर पांढरा फेस उठतो, आणि आपण मनात तीन मोजेपर्यंत गडगडाट पोहोचतो. माझी आई पहिल्या वेळी ढग शोधत वर पाहू लागली होती.

खोलीविषयी: आईंसाठी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची खोली घ्या. झोका नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आणि वरच्या मजल्यांवर सर्वांत जास्त जाणवतो. ‘खोलीचा क्रमांक आम्ही नंतर देऊ’ या अटीवर मिळणारी स्वस्त खोली अजिबात घेऊ नका, कारण ती नेमकी टोकाला निघते. लिफ्ट जवळ हवी, पण भिंतीला भिंत लागून नको. बोट लागण्यावरच्या गोळ्या साताऱ्याच्या डॉक्टरांना विचारूनच आणा. त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि उतारवयात तोल जाण्याची भीती असते. गोळी घ्यायची असेल तर जहाज डोलू लागण्यापूर्वी घ्यावी लागते. आलेपाकाचे बंद पाकीट मात्र नक्की ठेवा. सातारकरांना आल्याबद्दल मी काय सांगावे!

बाल्कनी मी अलास्कासाठी घेतोच. पहाटे चारला उजाडते, शालीत गुंडाळून चहा घेऊन बसावे, कपडे बदलून डेकवर जाण्याची गरज नाही. ज्येष्ठांना तर याचे मोल फारच आहे.

ऊनपाऊस

वरच्या प्रतिसादातला बाल्कनीचा मुद्दा मला पूर्णपणे पटला नाही. बाल्कनीतून एकच बाजू दिसते. देवमासा दुसऱ्या बाजूला उसळी मारतो आणि आपण ओरडा ऐकून पळत जातो तोवर पाण्यावर नुसती वर्तुळे उरलेली असतात. आम्ही आतली खोली घेतली आणि वाचलेल्या पैशांतून अलास्कातल्या जूनो बंदराहून देवमासे दाखवणारी छोट्या बोटीची सहल केली, त्याचा आम्हाला अजिबात पश्चात्ताप झालेला नाही. मात्र आई-बाबा दुपारी पडणारे असतील तर मधला पर्याय म्हणून खिडकीची खोली पाहावी. ती बहुधा खालच्या मजल्यांवरच असते, म्हणजे बोट लागण्याचाही विचार होतो.

आई-बाबांचा प्रवासविमा जहाजावर आणि कॅनडात लागू पडतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल थेट आपल्या खोलीच्या खात्यावर चढते, आणि रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवण्याची वेळ आली तर तो खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नसतो.

सॅनहोजेची सातारकर

दोघांचेही मनापासून आभार. एजंटला कॅनडाच्या व्हिसाबद्दल पुन्हा विचारले तेव्हा ‘हो, तो तर लागेलच’ असे सहज उत्तर मिळाले, जणू मीच विसरले होते! अर्ज आजच भरायला घेतला आहे. एक शंका आहे: बंदरांतल्या सहली जहाज कंपनीकडून घ्याव्यात की बाहेरून? बाहेरच्या बऱ्याच स्वस्त दिसतात. बाबांना वाटेतल्या स्कॅगवे बंदराची रेल्वे पाहायची आहे.

जुना मुसाफिर

रेल्वे जरूर दाखवा. व्हाइट पास अँड यूकॉन ही तीन फुटी रुळांची डोंगरी गाडी क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. ती समुद्रसपाटीपासून ३२ किलोमीटरमध्ये साधारण ८७० मीटर चढते. माथ्यापर्यंत जाऊन परत येणारी फेरी घ्या. तिच्यात कुठेही उतरावे लागत नाही. जाताना डाव्या हाताला बसा, दरी त्या बाजूला आहे. ज्यांनी नेरळ-माथेरानच्या गाडीत खिडकीसाठी भांडण केले आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

सहलींबाबत माझा नियम असा की जी जागा धक्क्यापासून पायी गाठता येते तिथे कंपनीची सहल घेऊ नये, आणि जिथून परतायला एकच रस्ता आहे तिथे बाहेरची घेऊ नये. केचिकन बंदरातली क्रीक स्ट्रीट किंवा जूनोची रोपवे धक्क्याजवळच आहे. तिकीट तिथेच काढावे. मेंडेनहॉल हिमनदी जूनोपासून २० किलोमीटरवर आहे आणि तिथे बाहेरची बस चालेल, पण परतीची वेळ जहाज सुटण्याआधी किमान दोन तास ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा पुढची सोय कंपनी करते. बाहेरच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबेलच असे नाही. जूनोला तर बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, पुढचे बंदर विमानाने किंवा फेरीबोटीने गाठावे लागते.

माझी फजिती सांगतो. अलास्काची वेळ सिएटल आणि व्हँकूव्हरच्या एक तास मागे असते. बहुतेक जहाजे घड्याळ मागे घेतात, पण त्या सफरीत पहिल्या बंदरात ते घेतले नव्हते आणि तसे आदल्या रात्रीच्या पत्रकात बारीक अक्षरांत छापलेही होते. मी ते वाचले नाही. किनाऱ्यावरचा टॉवर पकडून माझ्या मोबाइलने स्वतःच वेळ बदलली आणि मी सव्वातीन वाजले समजून कॉफी मागवली, तेव्हा जहाजावर सव्वाचार झाले होते आणि साडेचारला सर्वांनी परतायचे होते. मी आणि बायको अक्षरशः धावत सुटलो, कठड्यावरून लोक टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून मी साधे काट्यांचे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावतो आणि सफर संपेपर्यंत त्याला हात लावत नाही. मोबाइल जहाजावर कायम विमान मोडवर ठेवा. समुद्रातल्या उपग्रह नेटवर्कचे रोमिंग फार महाग पडते.

बाबांसाठी एक बारीक गोष्ट. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे जहाजातून धक्क्यावर उतरण्याच्या पुलाचा उतार काही बंदरांत दिवसभर बदलत राहतो. सकाळी सरळ असलेला पूल दुपारी चांगलाच तिरका झालेला मी पाहिला आहे. दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारून निघा. व्हीलचेअर लागेल असे वाटत असेल तर तिकीट काढतानाच कळवा.

कोलंबीभात

माझ्या नावावर जाऊ नका, सासूबाई कट्टर शाकाहारी आहेत आणि त्यांच्यासह मी दोन सफरी केल्या आहेत. तिकीट काढतानाच शाकाहार व अंडे वर्ज्य असल्याची नोंद करा, आणि पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याला प्रत्यक्ष भेटा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवतो आणि त्यातून आपले जेवण ठरवता येते. नाहीतर सातही दिवस पनीर येते. जहाजांवर गोव्याची माणसे पुष्कळ असतात. आमच्या टेबलावरच्या वाढप्याने सासूबाईंचे मराठी ऐकून कोकणीत विचारपूस केली आणि तिसऱ्या दिवसापासून कर्मचाऱ्यांच्या खानावळीतले आंब्याचे लोणचे छोट्या वाटीतून येऊ लागले. सासूबाईंनी त्या वाटीखेरीज जेवायला बसणे सोडून दिले.

खोलीत किटली चालत नाही. तपासणीत काढून ठेवतात. चहाच्या मिश्रणाची बंद पाकिटे न्या, बुफेत गरम पाणी रात्रंदिवस मिळते. बंद पाकिटातला चिवडा चालतो, घरचा डबा नको, आणि बुफेतले केळे पिशवीत टाकून बंदरात उतरू नका. मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत खोलीत येत नाहीत, म्हणून औषधे आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीतच असू द्या. पेयांचे पॅकेज घेण्याआधी अट वाचा. एका खोलीतल्या एकाने घेतले की दुसऱ्यालाही घ्यावे लागते असा अनेक ठिकाणी नियम आहे. बक्षिसी माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढते, ती दरात धरूनच तुलना करा.

सॅनहोजेची सातारकर

ठरले. व्हँकूव्हरहून, ग्लेशियर बे असलेली, मध्यम आकाराच्या जहाजावरची सफर घेत आहोत. आई-बाबांना मधल्या भागातली खिडकीची खोली आणि आम्हाला वरची बाल्कनी. पहाटेच्या चहाला ते वर येतील. कालच्या फोनवर बाबांनी एवढेच विचारले की छत्री किती मोठी आणावी.

जुना मुसाफिर

छत्री आणूच नये. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे रत्नागिरीच्या तोडीचा. फक्त तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि त्याला वाऱ्याची साथ असते. मे महिना त्यातल्या त्यात कोरडा असतो, तरी टोपी असलेला रेनकोट, त्याखाली दोन पातळ लोकरी थर आणि न घसरणारे बूट आणावेत. आणि घरात दुर्बीण असेल तर ती बाबांच्या गळ्यात असू द्या, बॅगेत नको.