खाडीतल्या चिखलावर कांदळवन लावायचं का?

खाडीकाठ: आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. एक कंपनी सीएसआरमधून (समाजकार्यासाठीच्या निधीतून) ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर कांदळ लावून देते म्हणतेय, गावातले बरेच जण खूश आहेत, पण हिवाळ्यात तिथेच चिखल्या, तुतवार आणि ते लांब वाकड्या चोचीचे मोठे पक्षी उतरतात, मग हो म्हणावं की नको?

तिवर: नको. ते वाकड्या चोचीचे पक्षी चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून किडे काढतात, चिखल्या वरवरचे टिपतात, झाडी झाली की सगळ्यांचीच जागा गेली. शिवाय इतक्या खाली रोपं तासन्तास पाण्यात राहून मरतात. कंपनीला सांगा जुना बांध घालून भरतीचं पाणी अडवलेलं एखादं पडीक खाजण असेल तर तिथली मोरी मोकळी करून द्या, पाणी खेळायला लागलं की जवळच्या चिप्पी-तिवर या कांदळ झाडांच्या बिया स्वतःच वाहत येऊन रुजतात, नर्सरीची गरजसुद्धा बऱ्याचदा पडत नाही.

वेंगुर्लेकर: आणि आहे ती झाडी टिकवायची तर लोकांना त्यातून चार पैसे मिळायला हवेत. आमच्याकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, 2017 पासून. झाडं गेली तर धंदाच गेला, मग राखण त्याच करतात ना! वन विभागाच्या कांदळवन कक्षाची खेकडा, कालवं, जिताडा पालनाची योजना आहे, त्यासाठी आधी गावात समिती करावी लागते.

भरती: तोड किंवा भराव दिसला तर जागेचे, तारखेचे फोटो काढून तहसीलदार आणि कांदळवन कक्ष दोघांकडे लेखी द्या, पोच घ्या. मुंबई हायकोर्टाचा 2018 चा निकाल आहे, कांदळवन तोडायला बंदी आणि सभोवती 50 मीटर पट्ट्यात बांधकाम नाही, भराव नाही.

खाडीकाठ: खूप आभार सगळ्यांचे. त्याच चिखलात गावातल्या बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात, त्यांना कोणी विचारलंच नाहीये, ग्रामसभेत आधी त्यांनाच बोलायला लावते. बांध आहे एक, मोरी गाळाने बुजलेली, पण आतल्या शेतात खारं पाणी शिरलं तर?

तिवर: ताई, आत कोणी भात लावत असेल तर त्या बांधाला हात लावू नका. वर्षानुवर्षं पडीक असेल आणि सगळ्या खातेदारांची लेखी संमती असेल तरच.