मदत हवी आहे: झाडीपट्टीच्या उन्हाळ्यात टिकणारा बिनआवाजी घरगुती सर्व्हर

नमस्कार मंडळी,

पूर्व विदर्भात, ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या एका गावात राहतो. चोवीस तास चालू राहील, वीज कमी खाईल आणि आवाज करणार नाही असा छोटा कॉम्प्युटर घरी बसवायचा आहे. नेटवर भरपूर वाचलं, पण लिहिणारे बहुतेक थंड देशांतले, नाहीतर एसीच्या खोलीत बसलेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला टेकतो, म्हणून इकडच्या माणसांना विचारतोय.

साठवायचं काय ते आधी सांगतो. बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत पेटीवर (हार्मोनियमवर) असायचे. दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की घरी क्वचितच दिसायचे. त्या नाटकांची, दंडारीची (इकडचं लोकनाट्य), भजनांची रेकॉर्डिंग आमच्याकडे आहेत. काही मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेली, काही हँडीकॅमच्या एमटीएस फायली, काही डीव्हीडी, अलीकडची मोबाईलवरची. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट उतरवली की साधारण १३ जीबी होते, आणि हँडीकॅमवरचं रात्रभराचं नाटक ४५-५० जीबी. सगळं मिळून दीड टीबीच्या घरात जातं. बाबांना हवं ते नाटक रिमोटवरून टीव्हीवर लावता यावं, आणि गावातले त्यांचे जुने सोबती ओसरीवर आले की त्यांनाही आमच्या वायफायवर मोबाईलमध्ये पाहता यावं, एवढंच मागणं आहे. त्यासाठी जेलीफिन टाकायचं ठरवलंय, म्हणजे साठवलेले व्हिडिओ घरातल्या टीव्ही-मोबाईलवर दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. घरातल्या घरात ते इंटरनेटशिवाय चालतं, हा आमच्यासाठी मोठा फायदा.

आता आवाजाचं. पद सुरू होण्याआधी पेटीवर नुसता सूर धरलेला असतो. भाता हलका होत जातो आणि गायक तिथून उचलतो. तो सूर आत्ताच्या जुन्या डेस्कटॉपच्या घरघरीत पार बुडतो. बाबा तिथे हमखास मागे नेऊन पुन्हा लावतात, कान टीव्हीकडे करून. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत मला तडजोड करायची नाही.

वीजही बघायची आहे. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर हा डेस्कटॉप नुसता बसून असताना ५८ वॅट खातो. चोवीस तास ठेवला तर महिन्याला जवळपास ४२ युनिट. १० वॅटचं यंत्र ७ युनिटांवर भागवेल. आमचं बिल शंभर युनिटांच्या काठावर असतं, त्याच्या वर गेलं की पुढच्या टप्प्याचा दर लागतो. शिवाय उन्हाळ्यात लाईन जाते तेव्हा सगळा भार इन्व्हर्टरवर. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) आहे, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण घरातले पंखेही त्याच्यावरच.

तीन गोष्टी डोळ्यासमोर आहेत. रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा, एकाच बोर्डाचा कॉम्प्युटर), इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० चिपचा बिनपंख्याचा मिनी पीसी, किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप. व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, त्यातली एचईव्हीसी सोडून बाकी व्हिडिओ उलगडायला पाय ५ मध्ये वेगळं हार्डवेअर नाही, एच.२६४ या पद्धतीचं काम प्रोसेसरवर पडतं. आमच्या हँडीकॅमच्या फायली नेमक्या एच.२६४, त्यातही इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी चित्र साठवलेल्या). म्हणून मन एन१०० कडे झुकतंय. पण बिनपंख्याचा मिनी पीसी ४५ अंशांत तग धरेल का? आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देता येतील का, की आधी २३० करून पुन्हा १२ करण्यात वीज वाया घालवायची?

वरुडकर

भाऊ, चिपची काळजी सोडा, डिस्कची करा. एन१०० ची चिप १०५ अंशांपर्यंत सहन करते. थंडीत जी चिप ५५ ला असते ती मे महिन्यात ७५ ला जाईल, तरी चालत राहील. पाय मात्र ८० ला पोचला की स्वतःचा वेग कमी करायला लागतो. खरी अडचण पोर्टेबल हार्ड डिस्कची. बऱ्याच डिस्कच्या कागदावर वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे ते मार्चमध्येच ओलांडतं.

माझं मत, २ टीबीची एसएसडी (आत काहीच न फिरणारी डिस्क) घ्या. महाग आहे, पण आवाज शून्य आणि उष्णताही जास्त सहन करते. आणि पंखा नकोच हा हट्ट सोडा. १२ सेंटीमीटरचा १२ व्होल्टचा पंखा यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावा. इतका हळू फिरतो की हातभरावरून ऐकू येत नाही, आणि पेटीचं तापमान चांगलंच उतरतं. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, तिथली दमट हवा आणि धूळ मिळून आत चिखल करते. मधल्या खोलीत, खाली, जिथे फरशी गार असते तिथे ठेवा.

लॅपटॉप ठेवायचाच असेल तर चार्जिंग ६०-८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का ते बघा. सतत पूर्ण चार्ज राहिलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगते.

टेस्टर_अकोला

दादा, बॅटरीले सरळ वायर जोडू नोका. ती नावालेच १२ व्होल्टची हाय. चार्जिंगवर असली का १४ च्या वर जाते, उतरली का ११ वर येते. मधात १२ व्होल्ट कायम ठेवणारा कन्व्हर्टर लावा, बक-बूस्ट म्हणतात तो. नुसता बक, म्हणजे फक्त व्होल्ट कमी करणारा, घेतला तर बॅटरी उतरल्यावर तो १२ देऊ शकत नाही. अन् बॅटरीच्या टोकापाशीच फ्यूज टाका, हे इसरू नोका. बॅटरीत आग लावायले पुरेल एवढा करंट असते.

मिनी पीसी घेण्याआधी त्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिवलं हाय का ते पाहा, काही १९ व्होल्टचे असतात. अन् बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू करा, नाहीतर दर वेळी बटन दाबत बसाल.

वरुडकर

एक राहिलं. मूळ फायली दाबून लहान करू नका, आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. एकाच पेटीत दोन डिस्क लावणं म्हणजे बॅकअप नव्हे. एक वीज पडली की दोन्ही जातात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. १२ व्होल्टचा एन१००, २ टीबीची एसएसडी आणि यूएसबीवरचा मोठा पंखा, हे पक्कं. दुसरी प्रत नागपूरला बहिणीकडे ठेवतो. जुनी पोर्टेबल डिस्क त्यासाठीच वापरीन, ती प्रत घ्यायच्या वेळीच जोडायची.

टेस्टरभाऊ, मिनी पीसीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय, राऊटर १२ व्होल्ट १ अँपिअरचा आहे. दोन्ही एकाच कन्व्हर्टरवर घ्यायचे तर ५ अँपिअरचा पुरेल का, की उन्हाळा धरून ८ चा घेऊ? आणि फ्यूज किती अँपिअरचा?