दोघी बहिणींचे घरातले फोटो: कॅमेरा उचलला की सगळं थांबतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मला दोन मुली. थोरली साडेचार वर्षांची, धाकटी सव्वा वर्षाची, नुकतीच पाऊल टाकायला लागलेली. थोरलीचे बाळपणीचे सगळे फोटो मोबाइलवरचे. धाकटीच्या वेळी हौसेने एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती मध्यम आकाराची) मिररलेस, लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला. त्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे, आणि मागाहून ५० मिमी एफ/१.८ घेतली. वर्षभरात हजारो फोटो साठले. पण ज्यासाठी हा खटाटोप केला, ते दोघींचं एकमेकींत रमणं काही फोटोत उतरत नाही.

आधी तांत्रिक अडचणी सांगते. ५० मिमी मी बहुतेक वेळा एफ/१.८ वरच, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवते, कारण घरात उजेड कमी. त्यात थोरलीचे डोळे अगदी लख्ख येतात, पण धाकटी वीतभर मागे असली तरी तिचा चेहरा धूसर. संध्याकाळी तर दोघी हलतात आणि हातापायांचे नुसते फराटे उमटतात. तपासलं तर शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास असतो. शिवाय गेल्या आठवड्यापासून दिव्याच्या उजेडातल्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे यायला लागलेत. कॅमेरा बिघडला की काय, अशी धास्ती आहे.

आता खरी अडचण. मागच्या आठवड्यात सकाळी थोरली खिडकीपाशी बसून धाकटीला मोजे घालत होती. एक मोजा पायात आणि दुसरा हातात. धाकटी तो हात वर धरून निरखत होती. मी धावत जाऊन कॅमेरा आणला. मला पाहताच थोरलीने मोजा टाकला, बहिणीच्या गळ्यात हात घालून तिला ओढलं आणि दात दाखवत माझ्याकडे बघायला लागली. धाकटी रडायला लागली. मी म्हटलं, "असं नको गं, मघाशी करत होतीस तसं कर." तिने खूप विचार केला आणि विचारलं, "मघाशी मी कसं करत होते?"

मला काही सुचेना. कॅमेरा ठेवून दिला.

तिला मी आल्याचं कळू नये म्हणून तेव्हापासून कॅमेऱ्याचा आवाज बंद करून दाराआडून फोटो काढतेय. फोटो बरे येतात, पण मनाला पटत नाही. आपल्याच लेकींवर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. त्यात परवा थोरली म्हणाली, "तू बाळाचेच फोटो काढतेस." गेल्या तीन महिन्यांतले मोजले. धाकटीचे एकटीचे ४१२, थोरलीचे एकटीचे ६३. तिचं म्हणणं खरं होतं. आणि मी स्वतः दोघींबरोबर कितींत आहे? ९ मध्ये.

दोन लहान मुलं असलेल्या घरात तुम्ही फोटो कसे काढता? सेटिंग्ज काय ठेवता, हे हवंच आहे. पण कॅमेरा हातात असतानाही मुलांना आपण आईबाबाच वाटत राहू, यासाठी काय करता, हे जास्त हवं आहे.

*

प्रतिसाद १

कॅमेरा बिघडलेला नाही, आधी ती काळजी सोडा. आवाज बंद केलात तेव्हा कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर गेला. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. घरातले बरेच दिवे विजेच्या प्रवाहाबरोबर लुकलुकतात, वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण ओळी वाचताना दिवा मंद झाला त्या क्षणाच्या ओळी काळ्या पडतात. मेकॅनिकल, म्हणजे खटका वाजणाऱ्या शटरवर परत या. तरीही दिव्याखाली पट्टे आलेच, तर १/१०० वर ते जवळजवळ दिसणार नाहीत. मेन्यूत फ्लिकर (दिव्याचं लुकलुकणं) कमी करायचा पर्याय असला तर तो चालू करा. दिवसा खिडकीच्या उजेडात आवाज बंद ठेवला तरी पट्ट्यांचा त्रास नाही.

धूसर चेहऱ्याचं कारण साधं गणित आहे. दीड मीटरवरून ५० मिमी एफ/१.८ ला, तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एका मुलीच्या चेहऱ्याला तो पुरतो, दोघींना नाही. तीच जागा धरून झूम लेन्स २८ वर आणि एफ/४ ठेवलंत तर हा पट्टा जवळपास ४५ सेंटिमीटर होतो. म्हणजे दोघींसाठी तुमच्याकडची साधी लेन्सच जास्त कामाची आहे, नवीन काही घेऊ नका. ५० मिमी एकेकटीच्या चेहऱ्यासाठी ठेवा. पुसट पार्श्वभूमीचा मोहही थोडा आवरा, असं माझं मत आहे. वीस वर्षांनी मुलींना मागचा पसारा, भिंतीवरच्या रेघोट्या, दाराला लटकलेली पिशवी हेच पाहायचं असेल.

शटर स्पीड कॅमेऱ्यावर सोडू नका. बसून खेळत असतील तर १/२५०, धावत असतील तर १/५००. ऑटो आयएसओमध्ये (यात प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः वाढवतो) किमान शटर स्पीड ठरवून देता येतो, तो १/२५० करा आणि आयएसओ ६४०० पर्यंत जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, नंतर थोडा साफही होतो. हललेला फोटो मात्र फारसा सुधारत नाही. फोकस सलग, म्हणजे मुली हलल्या तरी मागोवा घेणारा ठेवा आणि डोळे शोधणारी सोय असेल तर ती वापरा. दिवसा खिडकीजवळ काढा आणि तेव्हा घरातले दिवे घालवा, म्हणजे कातडीचा रंग अर्धा पिवळा, अर्धा निळा येणार नाही. खिडकी मुलींच्या एका बाजूला हवी, तुमच्या पाठीशी नको.

आणि जमिनीवर बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत मुलांचं डोकंच मोठं दिसतं.

*

प्रतिसाद २

माझ्या मुलींमध्ये तीन वर्षांचं अंतर आहे, आता दोघी मोठ्या झाल्यात. तुमच्या थोरलीचं वाक्य वाचून थांबले. खेळत असताना आपण कसे दिसतो हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून ते पुन्हा करून दाखव, असं मुलांना कधीच सांगू नये. क्षण गेला तर जाऊ द्या. तसाच पुन्हा येतो, फक्त आपण तिथे असायला हवं.

धावत जाऊन कॅमेरा आणण्यात सगळं मोडतं. मी कॅमेरा मुलींच्या खोलीतच, धाकटीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवायचे. रोज एक ठरलेली वेळ, आमच्याकडे आंघोळीनंतर कपडे घालायची. पहिली दहा मिनिटं कॅमेरा नुसता मांडीवर. बटणं लावणं, केस विंचरणं, सगळं चालू. मग मधेच दोन-चार फोटो, आणि परत मांडीवर. आठवड्याभरात त्यांनी बघणंच सोडलं. लपण्याची गरज पडली नाही.

थोरली तोंड वेंगाडून फोटोला उभी राहिली तर तोही फोटो मनापासून काढा. ती तुम्हाला काहीतरी देत असते. तो घेतला की ती मोकळी होते आणि पुढच्याच मिनिटाला खेळात परत जाते. नको म्हटलं तर अडून बसते.

तिच्या हातातही कॅमेरा द्या, पट्टा गळ्यात अडकवून, तुम्ही शेजारी बसून. तिच्या उंचीवरून धाकटी कशी दिसते हे तुम्हाला कधीच टिपता येणार नाही. आणि तुम्ही फोटोत याल, तो प्रश्न वेगळा सोडवावा लागणार नाही.

निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचं दरवर्षी एक छायाचित्र जगासमोर ठेवलं. चौघींचा उभं राहण्याचा क्रम दरवेळी तोच, रंग नाहीत, सजावट नाही. चाळीसहून अधिक वर्षं हे चाललं. ओळीने पाहिले की कोण कुणाला टेकली आहे, कुणाचा हात कुठे आहे, इकडेच लक्ष जातं. मी ते पाहिल्यावर मुलींचा दरवर्षी एकाच खिडकीपाशी एक फोटो घ्यायला लागले. बाकी हजारो फोटोंपैकी घरात सगळ्यात जास्त पाहिले जातात ते हेच.

*

प्रतिसाद ३

एक आठवण करून देतो. आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुठेही टाकू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद असू शकते, ती पाठवण्याआधी काढून टाका. साडेचार वर्षांच्या मुलीला "हा आजीला पाठवू का?" असं विचारता येतं, आणि ती नाही म्हणाली तर ऐकावं. आणि फोटोंची एक प्रत घराबाहेर कुठेतरी असू द्या.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टे गेले, फराटेही गेले. २८ वर एफ/४ ठेवल्यापासून दोघींचे चेहरे एकत्र स्पष्ट येतात. आयएसओ ६४०० चा दाणा मला अजिबात खुपत नाही.

कॅमेरा मांडीवर ठेवून बसायला सुरुवात केली. पहिले चार दिवस थोरली सतत विचारायची, "काढ ना, का काढत नाहीस?" मी म्हणायचे, "काढेन, आधी तुझं बटण लावू दे." पाचव्या दिवशी विचारलं नाही. त्या दिवशी धाकटी तिच्या पाठीवर गाल टेकून उभी होती आणि ही चित्र रंगवत होती. मी दोनच फोटो घेतले. दुसऱ्यात धाकटीचे डोळे मिटलेत, मला तोच आवडला.

थोरलीने माझे काढलेले सव्वीस फोटो आहेत. त्यातल्या निम्म्यांत माझी फक्त हनुवटी आहे, पण एकात मी धाकटीला कडेवर घेऊन खाली तिच्याकडे बघून हसतेय. माझा असा फोटो माझ्याकडे एकही नव्हता.

आता नवा प्रश्न. थोरलीला निवडलेले फोटो छापून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावायचेत. तिथे धाकटीचाही हात पोचतो आणि ती ओढून तोंडात घालते. काचेची चौकट अर्थातच नको. कुणी यावर काही युक्ती केली असेल तर सांगाल का?