ब्रिज की इम्प्लांट : आईचा अनुभव
तुम्ही विचारलंय की खालची दाढ काढली, ब्रिज (बाजूच्या दातांवर कॅप घालून त्यांच्या आधारानं बसवलेला नकली दात) इम्प्लांटपेक्षा बराच स्वस्त पडून राहिला तर तोच करू का. माझ्या आईचं सांगते. आम्हीही पैसे पाहूनच ब्रिज केला, पण त्यासाठी बाजूच्या दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतात हे डॉक्टरांनी नीट समजावलंच नाही, मग पाच वर्षांत त्यातली एक कॅपखाली किडली, दुखलं नाही म्हणून कळलंही नाही, आणि एक दिवस तर्री पोह्यातले चणे चावताना अख्खा ब्रिजच तिच्या हातात आला. पुन्हा रूट कॅनल, पुन्हा कॅप, वाचवलेले पैसे तिथंच गेले ना.

बाजूचे दात धडधाकट असतील तर इम्प्लांटच बघा बाप्पा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला नकली दात. तो टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण 3 ते 6 महिने लागतात, तेवढा धीर ठेवा. शुगर आधी कंट्रोलमध्ये आणा, आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर कृपा करून बंद करा, त्यानं इम्प्लांट फेल होऊ शकतो. हां, बाजूच्या दातांना आधीच कॅप असेल तर ब्रिज वाईट नाही.

बजेट कमी असेल तर नागपूरच्या मेडिकलमधल्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या) सरकारी डेंटल कॉलेजात दाखवून या, चकरा पडतील पण विचारून तर बघा. कुठंही करा, इम्प्लांटच्या डब्यावरचं कंपनीचं नाव आणि बॅच नंबरचं स्टिकर फाईलला लावून घ्या.