शाळेमागे गांजा, टपरीवर गुटखा: ठरावानंतर ग्रामपंचायत काय करू शकते?

वॉर्ड_तीन_सदस्य
नमस्कार मंडळी. गावची लोकसंख्या साडेचार हजार. हायस्कूलच्या कंपाउंडला लागून दोन टपऱ्या आहेत, गुटखा उघड मिळतो. जुन्या डेअरीच्या पडक्या इमारतीत अंधार पडला की पोरं गांजा ओढत बसतात. ग्रामसभेत ‘व्यसनमुक्त गाव’ असा ठराव झाला, त्यापुढे पान हललेलं नाही. कायद्याने आपल्या हातात काय आहे? आणि विकणाऱ्याचं नाव सगळ्या गावाला माहीत आहे, ते ठरावात घालावं का?

दप्तर_कारकून
नाव ठरावात घालू नका. प्रोसिडिंग बुकाची नक्कल माहिती अधिकारात कोणीही काढतो. आणि सभेत नाव वाचलं गेलं की त्याच रात्री माल हलतो, पोलिसांना सापडते ती झाडलेली खोली. नाव, जागा, वेळ, गाडीचा नंबर हे सगळं थेट ठाण्यात सांगा, किंवा १९३३ या अंमली पदार्थांच्या तक्रारींसाठीच्या मानस हेल्पलाइनवर. एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६८ नुसार खबर कोणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही.

‘ओढतात असं ऐकलंय’ एवढ्यावर धाड पडत नाही. पंधरा दिवस वार आणि वेळ टिपा. पुरवठा बहुधा ठरावीक दिवशी येतो.

दुसरं, याच कायद्याचं कलम ४७ वाचा. शिवारात गांजाची लागवड आहे हे कळूनही पोलिसांना तातडीने न कळवणाऱ्या सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांना शिक्षेची तरतूद आहे. तूर, कापूस, मक्याच्या आड झाडं असतात, आणि ‘आम्हाला काय ठाऊक’ हे उत्तर फार काळ टिकत नाही.

वॉर्ड_तीन_सदस्य
झाडं दिसली तर गावानेच उपटून जाळली तर?

दप्तर_कारकून
नको! पुरावा गेला, आणि झाडं हातात असताना पोलीस आले तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. पोरांचे खिसेही तपासू नका. अंगझडतीची रीत कलम ५० मध्ये ठरलेली आहे, ती चुकली की आरोपीचा वकील तेवढ्याच मुद्द्यावर केस पाडतो.

टेप_घेऊन_या
टपऱ्यांचं काम जास्त सोपं आहे, तिथून सुरुवात करा. कोटपा (तंबाखू नियंत्रण) कायदा २००३, कलम ६: शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटरमध्ये तंबाखूविक्री बंद. गोंधळ मोजणीत होतो. टपरीवाला गेटपासून रस्त्याने वळसा घेत मोजून दाखवतो. नियमात कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारी बाजूंना सरळ अंतर धरलंय. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि दोन पंच घेऊन टेपने मोजा, कच्चा नकाशा काढा, सह्या घ्या. शाळेबाहेर विक्रीबंदीचा बोर्ड लावणं संस्थेवर बंधनकारक आहे. तो नसेल तर आधी तो लावा, नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पण कोटपाचा दंड २०० रुपयांपर्यंतच. टपरीवाला तो हसत भरतो. खरी कळ दुसरीकडे आहे. टपरी ग्रामपंचायतीच्या जागेत किंवा रस्त्यावर असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अतिक्रमण काढता येतं. गाळा ग्रामपंचायतीचाच असेल तर पुढच्या भाडेकरारात ‘गुटखा वा अंमली पदार्थ सापडल्यास करार रद्द’ ही अट घाला. फक्त दोनच टपऱ्यांना नोटीस देऊन बाकीच्या सोडू नका, भेदभाव केला म्हणून स्थगिती येते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण नमुना घेणं आणि जप्ती हे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं काम. लेखी कळवा, पोच घ्या. अल्पवयीन मुलाला तंबाखू दिल्याचं दाखवता आलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तिथे मात्र कोणी हसत नाही. वयासाठी शाळेचा दाखला जोडा.

पत्रा_शेड
डेअरीची इमारत कोणाच्या नावावर आहे ते नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) बघा. मालकाला लेखी नोटीस द्या. आपली जागा जाणूनबुजून अशा कामाला वापरू देणाऱ्याला एनडीपीएसचं कलम २५ लागू शकतं, एवढं कळलं की कुलूप आपोआप लागतं. दारासमोर पथदिवा लावणं तर ग्रामपंचायतीचंच काम आहे.

गावाबाहेरचे भाड्याने दिलेले शेडही तपासत राहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) या अंमली पदार्थाचा कारखाना निघाला होता. बंद शेडला रात्रभर वीज, रसायनाचा उग्र वास, निळे ड्रम आणि भाडेकरूचा कागदच नाही, अशी चिन्हं एकत्र दिसली की दार ठोठावू नका, ११२ ला कळवा.

पीएचसी_समुपदेशक
ओढणाऱ्या पोरांचंही बघा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला तर एनडीपीएसच्या कलम ६४अ मुळे त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. गांजासाठी ही अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो. पालकांना हे सांगितलं की ते लपवाछपवी कमी करतात. सल्ल्यासाठी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.

गांजा सोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, साधारण दोन आठवडे. दारू किंवा अल्प्राझोलामच्या (चिंता कमी करणाऱ्या) गोळ्यांचं तसं नाही. रोज घेणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद केलं तर झटके येतात, दारूत दोन-चार दिवसांत वातासारखी अवस्था होऊन जीवही जातो. गावाने शपथ घ्यायला लावून रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडू नये, आधी रुग्णालयात न्यावं. खासगी केंद्रात पाठवण्याआधी मानसिक आरोग्य कायदा २०१७ खालची नोंदणी मागा. साखळदंड दिसला तर परत फिरा, कलम ९५ ने तो बेकायदा आहे.

वॉर्ड_तीन_सदस्य
सोमवारी टेप घेऊन निघतो. बोर्ड शाळेने लावलेला नाही, आजच बघितलं.