सरळ रेषेला शॉक देत नाहीत

"हॉस्पिटलच्या मालिकेत अचूकपणा कशाला, करमणूक म्हणून बघा," असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. बेळगावात अतिदक्षता विभागात मी बारा वर्षं नर्स आहे आणि पडद्यावर बघितलेलं नातेवाईक आमच्याकडे मागतात.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका आजोबांच्या मॉनिटरवर सरळ रेष आली, म्हणजे हृदय पूर्ण थांबलं. आम्ही छाती दाबत होतो, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर वेळी पाच सेंटिमीटर तरी खोल. दारातून मुलगा ओरडत होता, "सिस्टर, शॉक द्या की!" विजेचा शॉक लागू पडतो तो हृदय नुसतं थरथरत असतं तेव्हा. सरळ रेषेला छाती दाबणं, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आणि मूळ कारणाचा शोध, एवढंच हातात असतं. आजोबा गेले. शॉक दिला नाही म्हणूनच गेले, असं त्या मुलाला वाटत राहिलं असेल, हे मला फार लागतं.

1996 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू 911' या टीव्ही कार्यक्रमांचे भाग तपासले. छाती दाबलेल्यांपैकी 75 टक्के पेशंट त्यात तेवढ्यापुरते तरी वाचत होते. प्रत्यक्षात एवढे कुठले वाचायला!

अशा मालिकांच्या गोष्टीचा साचाही ठरलेला. दोन निदानं चुकतात, मग कुणाच्या तरी सहज बोलण्यातून तिसरं सुचतं. आमच्याकडे मात्र कन्नड-इंग्रजी संमतीपत्र आजीला मराठीत ओळ न् ओळ सांगावं लागतं. ती पदराने शाई पुसत विचारते, "अंगठा कुठं लावू, बाई?" हे कुणीतरी दाखवा.