खरा घाव १९८३ चा
इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये १९९२ ला प्रीमियर लीग आली आणि खेळ पैसेवाल्यांचा झाला, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. खरा घाव १९८३ चा. तोवर लीग सामन्याच्या तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या क्लबलाही मिळायचा. त्या वर्षापासून सगळी रक्कम यजमानांकडेच राहू लागली. मोठ्या मैदानांच्या क्लबांचं फावलं, छोट्यांचा आधार गेला.

ती वाटणी होती तेव्हाचं नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबचंच बघा. १९७७ ला दुसऱ्या डिव्हिजनमधून तिसऱ्या क्रमांकावर कसेबसे वर आले, १९७८ ला लीग जिंकली, आणि १९७९, १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा! ट्रेव्हर फ्रान्सिस या खेळाडूसाठी त्यांनी दहा लाख पौंड मोजले हे खरं. पण संघाचा जीव होता जॉन रॉबर्टसन. ब्रायन क्लफ मॅनेजर म्हणून आला तेव्हा हा क्लबमध्येच बाजूला पडलेला होता. १९७९ च्या म्यूनिकच्या फायनलमधला फ्रान्सिसचा गोल रॉबर्टसनच्याच क्रॉसवर (बाजूने गोलसमोर मारलेल्या पासवर), १९८० चा माद्रिदमधला विजयी गोल तर त्याचाच. अशा खेळाडूला आज इतका वेळ कोण देईल?

१९८९ ला हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली, ती कुंपणाची मैदानं मला परत नकोत. तिकिटांच्या पैशांची वाटणी मात्र पुन्हा सुरू व्हावी असं मनापासून वाटतं, निदान वरच्या दोन लीगांत तरी.